लोकांना विचारणारा अर्थतज्ज्ञ : जॉर्ज काटोना

घरातला पंखा जुना झालेला असतो. नवा घेण्याइतके पैसे गाठीशी असतात. तरीही यंदा राहू दे, पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणत आपण खरेदी पुढे ढकलतो. कधी याच्या अगदी उलट घडते. हाती फारसे काही नसताना हप्ते बांधून एखादी वस्तू घरी येते आणि घरातील सर्वांना त्याचा आनंदही होतो. खर्च हा मिळकतीवर अवलंबून असतो हे खरे. पण तो केवळ मिळकतीवरच अवलंबून नसतो, हे संसार चालवणाऱ्या कोणाही स्त्री-पुरुषाला वेगळे शिकवावे लागत नाही. अर्थशास्त्राला मात्र ही साधी गोष्ट पुराव्यानिशी पटवून द्यावी लागली. ते काम ज्यांनी सुमारे चार दशके नेटाने केले, त्या जॉर्ज काटोना यांच्या जीवनाची ओळख या पाठातून आपण करून घेणार आहोत.

काटोना यांचा जन्म ६ नोव्हेंबर १९०१ रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. शालेय शिक्षण संपवून ते बुडापेस्ट विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करू लागले. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते आणि पराभूत हंगेरीत अंदाधुंदी माजली होती. १९१९ मध्ये बेला कुन यांच्या नेतृत्वाखाली तेथे साम्यवादी क्रांती झाली. विद्यापीठ बंद पडले. सतरा वर्षांच्या या तरुणापुढे दोनच वाटा होत्या : परिस्थिती निवळण्याची वाट पाहत बसणे किंवा देश सोडून दुसरीकडे शिक्षण सुरू ठेवणे. त्यांनी दुसरी वाट धरली आणि ते जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठात दाखल झाले. कायदा मागे राहिला. तेथील प्रयोगशाळेत जी. ई. म्यूलर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२१ मध्ये, वयाची विशी ओलांडत असतानाच, डॉक्टरेट मिळवली.

ही पदवी हाती आली ती वेळ मोठी विपरीत होती. जर्मनीत किमती वाढू लागल्या होत्या. त्या नेहमीसारख्या वाढत नव्हत्या. वाऱ्याला लागलेल्या वणव्यासारख्या वाढत होत्या. महायुद्धापूर्वी एका अमेरिकन डॉलरला ४.२ मार्क मोजावे लागत. नोव्हेंबर १९२३ मध्ये तोच आकडा ४.२ लाख कोटींवर जाऊन पोहोचला. पगार हाती पडताच कामगार दुकानाकडे धाव घेत, कारण संध्याकाळपर्यंत त्या नोटांची किंमत आणखी घसरलेली असे. आयुष्यभराची बचत एका पावाच्या मोलाची उरली नाही. अशा काळात नव्या पदवीधराला संशोधनावर पोट भरणे अशक्यच होते. काटोना फ्रँकफुर्टला गेले आणि तेथील एका बँकेत नोकरीला लागले.

बँकेतील ही नोकरी त्यांच्या दृष्टीने तडजोड होती. आज मागे वळून पाहताना मात्र असे वाटते, की त्यांच्या पुढील आयुष्याचे बी तेथेच पेरले गेले. मनाचा अभ्यास केलेला माणूस पैशाच्या घरात बसून पाहत होता. चलनी नोटा भरमसाट छापल्या म्हणून किमती वाढल्या, हे अर्थशास्त्राचे उत्तर त्यांना ठाऊक होते आणि ते चुकीचेही नव्हते. पण उद्या किमती आणखी वाढतील या धास्तीने आज लोक दुकानांवर तुटून पडतात, आणि ते तुटून पडतात म्हणून किमती आणखी वाढतात, हेही त्यांना डोळ्यांसमोर दिसत होते. भाववाढीकडे समूहाच्या मनाच्या अंगाने पाहणारे लेखन त्यांनी त्याच काळात सुरू केले.

१९२६ मध्ये ते बर्लिनला आले. गुस्ताव स्टोल्पर या अर्थतज्ज्ञाने त्याच वर्षी एक आर्थिक साप्ताहिक काढले होते. काटोना तेथे सहसंपादक म्हणून काम करू लागले. दिवसा बाजार, बँका, सरकारी अंदाजपत्रके यांवर लिहायचे आणि उरलेला वेळ मानसशास्त्राला द्यायचा, असा त्यांचा क्रम होता. मॅक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाशी त्यांचा येथेच स्नेह जडला. मन सुटे सुटे तुकडे ग्रहण करीत नाही, ते संपूर्ण आकृती ग्रहण करते, असे मांडणाऱ्या गेस्टाल्ट विचारपंथाचे वेर्थायमर हे प्रवर्तक होते. गाणे आपण एकेक सूर मोजत ऐकत नाही, चाल म्हणून ऐकतो, हे ध्यानात घेतले की या विचाराचा गाभा समजतो.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. साप्ताहिकावर गदा आली. स्टोल्पर, वेर्थायमर आणि काटोना या तिघांनाही जर्मनी सोडावी लागली. बुडापेस्ट एकदा सुटले होते, आता बर्लिनही सुटले. काटोना अमेरिकेत न्यूयॉर्कला पोहोचले आणि स्टोल्पर यांच्यासमवेत गुंतवणूकविषयक सल्ला देण्याचे काम करू लागले. परक्या देशात जम बसतो न बसतो तोच १९३६ मध्ये त्यांना क्षयाने गाठले. त्या वेळी या रोगावर नेमके औषध नव्हते; दीर्घ विश्रांती हाच उपाय होता. सल्लागाराचा व्यवसाय संपला.

आजारातून उठल्यावर ते पुन्हा मानसशास्त्राकडे वळले. न्यूयॉर्कमध्येच अध्यापन करीत असलेल्या वेर्थायमर यांच्या सहवासात त्यांनी शिकण्याच्या प्रक्रियेवर प्रयोग केले. ‘ऑर्गनायझिंग अँड मेमरायझिंग’ हा त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. हा भाग त्यांच्या आर्थिक कार्याहून वेगळा आहे. तरीही मोठ्या वयात पुन्हा अभ्यासाला बसलेल्या आपल्यासारख्या वाचकांसाठी तो मुद्दाम सांगण्याजोगा आहे. त्यांनी लोकांना अंकांची एक लांबलचक मालिका दिली : ५ ८ १२ १५ १९ २२ २६ आणि पुढे अशीच. एका गटाने ती घोकून पाठ केली. दुसऱ्या गटाने तिच्यातील सूत्र शोधले. तुम्हीही क्षणभर थांबून ते शोधून पाहा. प्रत्येक वेळी आधी तीन मिळवायचे, मग चार, पुन्हा तीन, पुन्हा चार. लगेच परीक्षा घेतली तेव्हा दोन्ही गटांना मालिका आठवत होती. काही आठवड्यांनी पुन्हा विचारले तेव्हा घोकणाऱ्यांची मालिका विसरली गेली होती. सूत्र कळलेल्यांपैकी काहींना मात्र ती नव्याने उभी करता आली. आगपेटीतील काड्यांची कोडी देऊनही त्यांनी असेच प्रयोग केले. ज्याला कोड्याचे तत्त्व उमगले तो नवे कोडेही सोडवी. ज्याने केवळ उत्तर पाठ केले तो नव्या कोड्यापुढे अडखळे.

तोपर्यंत दुसरे महायुद्ध पेटले होते. जर्मनीतील भाववाढ पाहिलेल्या काटोनांना युद्धकाळात अमेरिकेत काय होऊ शकेल याची कल्पना होती. १९४२ मध्ये त्यांनी ‘वॉर विदाउट इन्फ्लेशन’ हे पुस्तक लिहिले. लोकांना परिस्थिती नीट समजावून सांगितली, तर भीतीपोटी होणारी साठेबाजी टाळता येते, असा त्याचा आशय होता. त्यानंतर शिकागोतील एका अर्थशास्त्रीय संशोधन संस्थेत, कोल्स कमिशनमध्ये, त्यांनी किंमत नियंत्रणाचा अभ्यास हाती घेतला. सरकारने किमती बांधून दिल्या होत्या. त्यांचे पालन होते की नाही, हे कागदोपत्री पाहण्याऐवजी त्यांनी शिकागो परिसरातील उत्पादक आणि दुकानदार यांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेण्याचे ठरवले. किंमत तीच ठेवून मालाचा दर्जा कसा उतरवला जातो, स्वस्त वाण कसे बाजारातून नाहीसे होतात, सवलती कशा बंद होतात, हे सरकारी तक्त्यांत दिसत नव्हते. ते दुकानदाराशी बोलताना उलगडत गेले. येथून पुढे काटोना यांच्या संशोधनाची पद्धत ठरून गेली. ज्यांच्या वागण्याचा अभ्यास करायचा, त्यांनाच विचारायचे.

वाचायला हे अगदी सोपे वाटते. त्या काळच्या अर्थशास्त्राला मात्र ते रुचणारे नव्हते. लोक काय करतात हे आकडेवारीतून कळते. लोक काय म्हणतात याला काय महत्त्व, असा बहुतेकांचा दृष्टिकोन होता. माणूस विसरतो, लपवतो, स्वतःला फसवतो, हे आक्षेप अगदीच निराधारही नव्हते. म्हणूनच केवळ विचारणे पुरेसे नव्हते. कोणाला विचारायचे, कसे विचारायचे आणि मिळालेल्या उत्तरांचे काय करायचे, याचे शास्त्र उभे करणे आवश्यक होते.

१९४५ मध्ये काटोना वॉशिंग्टनला अमेरिकेच्या कृषी खात्यातील सर्वेक्षण विभागात दाखल झाले. रेन्सिस लिकर्ट हे त्या विभागाचे प्रमुख होते. युद्ध संपत आले होते. युद्धकाळात अमेरिकन कुटुंबांनी सरकारी रोखे घेऊन मोठी बचत केली होती. आता हे सारे रोखे लोक एकदम मोडून बाजारात उतरले तर काय होईल, अशी चिंता तेथील मध्यवर्ती बँकेला, म्हणजे फेडरल रिझर्व्हला, वाटत होती. दुसरीकडे अनेक तज्ज्ञांना नेमकी उलट भीती होती. युद्धसाहित्याचे कारखाने थांबले, सैनिक घरी परतले, की १९३० च्या दशकासारखी बेकारी आणि मंदी परत येणार, असे ते बजावत होते. लाखो माणसांच्या नोकऱ्यांचा हा प्रश्न होता. सरकारने कोणत्या संकटाची तयारी करायची, हेच ठरत नव्हते.

फेडरल रिझर्व्हला कुटुंबांच्या शिलकीची मोजदाद हवी होती. काटोना यांनी एक व्यवहारी अडचण पुढे केली. अनोळखी माणूस दारात येतो आणि बसल्याबरोबर तुमच्याजवळ पैसे किती, असे विचारतो. त्याला खरे उत्तर कोण देईल? आपल्याकडेही जनगणनेचे काम केलेल्या शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. म्हणून आधी काही मोकळे प्रश्न असावेत, असे त्यांनी सुचवले. गेल्या वर्षीपेक्षा तुमचे बरे चालले आहे का? येणारे वर्ष कसे जाईल असे वाटते? आता मोठी खरेदी करायला काळ चांगला आहे का? संवाद सुरू करून देणारे प्रश्न म्हणून बँकेने त्यांना जागा दिली. काटोनांना मात्र मुळात याच प्रश्नांची उत्तरे हवी होती.

१९४६ च्या आरंभी हे देशव्यापी सर्वेक्षण पार पडले. बहुतेक कुटुंबांचा आपले रोखे मोडण्याचा विचार नव्हता, असे त्यातून दिसले. त्याचबरोबर लोक मंदीच्या भीतीने गारठलेलेही नव्हते. घर, मोटार, घरगुती यंत्रे घेण्याचे त्यांचे बेत होते आणि पुढे दिवस बरे येतील असा त्यांचा भरवसा होता. पुढील काळात भाववाढीचा त्रास झाला. परंतु भाकीत केलेली महामंदी आली नाही.

त्याच वर्षी लिकर्ट, काटोना आणि त्यांचे काही सहकारी सरकारी नोकरी सोडून मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथील विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी सर्वेक्षण संशोधन केंद्र सुरू केले. विद्यापीठाने जागा दिली, पण खर्चाची जबाबदारी घेतली नाही. बाहेरून कामे मिळवायची आणि त्या पैशावर केंद्र चालवायचे, अशी अट होती. काटोना तेथे अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र या दोन्ही विषयांचे प्राध्यापक झाले. १९७२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथेच होते.

या केंद्रात काम कसे चाले, हे थोडे सविस्तर पाहू या. पहिला प्रश्न, कोणाला विचारायचे? १९३६ च्या निवडणुकीत अमेरिकेतील एका प्रसिद्ध साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक मतपत्रिका गोळा करून रूझवेल्ट हरणार असे जाहीर केले होते; रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. मतपत्रिका पाठवण्यासाठी टेलिफोन व मोटारी असलेल्यांच्या याद्या वापरल्या होत्या, आणि त्या काळात हे भाग्य सर्वांचे नव्हते. शिवाय ज्यांना उत्साह होता त्यांनीच त्या परत पाठवल्या. संख्या मोठी असली म्हणजे नमुना चांगला असतोच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला. मिशिगनमध्ये लेस्ली किश या नमुनाशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली वेगळी रीत अवलंबली गेली. आधी देशातील काही जिल्हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडायचे, त्यांतून वस्त्या, वस्त्यांतून घरे. कोणते घर घ्यायचे हे मुलाखतकाराच्या मर्जीवर नसे. निवडलेल्या घराला कुलूप असले, तर शेजारच्या घरी जाऊन काम उरकण्याची मुभा नव्हती. त्याच घरी पुन्हा पुन्हा जावे लागे. कारण जी माणसे सहज घरी सापडतात ती न सापडणाऱ्या माणसांसारखीच असतात, असे गृहीत धरता येत नाही. अशा काटेकोर निवडीतून सुमारे तीन हजार कुटुंबे विचारली, तरी साऱ्या देशाचे बऱ्यापैकी खरे चित्र मिळू शकते.

दुसरा प्रश्न, कसे विचारायचे? प्रत्येक घरी प्रश्न तेच आणि तेच शब्द वापरून विचारले जात. मुलाखतकाराने स्वतःचे मत चेहऱ्यावरही दिसू द्यायचे नाही, असा दंडक होता. मात्र उत्तराला हो किंवा नाही या चौकटीत कोंबले जात नसे. उत्तर आले की त्यामागचे कारण विचारायचे आणि माणूस जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायचे. काटोना यांचा या कारणांवर विशेष भर होता. मोटार घेण्यास काळ वाईट आहे, असे दोघे म्हणतात. पण एकाला किमती जास्त वाटतात आणि दुसऱ्याला नोकरी जाण्याची धास्ती असते. आकड्यात दोन्ही उत्तरे एकच, अर्थ मात्र अगदी निराळे.

पुढचे काम सर्वांत कंटाळवाणे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत मोलाचे. हजारो घरांतून आलेले हे मोकळे बोलणे वर्गवार लावून त्याला संकेतांक द्यायचे. एकाच उत्तराला दोन माणसांनी वेगवेगळे अंक दिले, तर वर्ग नीट आखलेले नाहीत असे समजून पुन्हा विचार करायचा. वर्गात बसून संशोधनपद्धतीवरील पुस्तक वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हे सारे चार ओळींत उरकता येते. स्वतः दहा दारे वाजवल्यावर आणि दहा माणसांचे बोलणे कागदावर उतरवल्यावर त्याला कळते, की आपण लिहिलेला प्रश्नच लोकांना समजत नाही.

मिशिगनने ही गोष्ट ओळखली होती. १९४८ पासून तेथे उन्हाळ्यात सर्वेक्षणपद्धतीचे खास वर्ग भरू लागले. १९५१ मध्ये विद्यापीठाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणखी एक उपक्रम सुरू केला. जवळच्या डेट्रॉइट शहरात दरवर्षी एक खरेखुरे सर्वेक्षण करायचे. विद्यार्थ्यांनी प्रश्न तयार करायचे, त्यांची आधी चाचणी घ्यायची, मुलाखतींना स्वतः जायचे, उत्तरांना संकेतांक द्यायचे आणि त्याच माहितीवर आपला प्रबंध लिहायचा. मोटारींच्या कारखान्यांचे ते शहर म्हणजे विद्यार्थ्यांची प्रयोगशाळाच झाली. हा उपक्रम पन्नासहून अधिक वर्षे चालला.

अशा कामातून काटोना यांचा सिद्धान्त आकाराला आला. तो मराठीत दोन शब्दांत सांगता येतो : ऐपत आणि इच्छा. धान्य, भाडे, औषध यांवरचा खर्च माणसाला टाळता येत नाही. मोटार, फ्रिज, घराची दुरुस्ती, सहल यांवरचा खर्च मात्र आज करायचा की वर्षभराने, हे तो ठरवू शकतो. या ठरवण्यात खिसा जेवढा बोलतो तेवढेच मनही बोलते; आणि कोट्यवधी कुटुंबे एकाच वेळी हात आखडता घेऊ लागली, की कारखान्यांची चाके मंदावतात. १९५१ मध्ये याचा प्रत्यय आला. कोरियातील युद्ध सुरू होताच अमेरिकेत टंचाईच्या भीतीने खरेदीची झुंबड उडाली होती. नंतर मिळकती वाढत असूनही लोकांनी खरेदी कमी केली आणि बचत वाढवली. किमती वाढलेल्या पाहून त्यांचे मन विटले होते. महागाई वाढणार असे दिसले की लोक आधीच खरेदी करून ठेवतात, हा समज काटोनांनी स्वतः जर्मनीत खरा ठरलेला पाहिला होता. अमेरिकेतील पुरावा वेगळा निघाला, तेव्हा त्यांनी तो तसाच मांडला. ‘सायकॉलॉजिकल ॲनालिसिस ऑफ इकॉनॉमिक बिहेवियर’ हा त्यांचा महत्त्वाचा ग्रंथ याच वर्षी, १९५१ मध्ये, प्रसिद्ध झाला.

याच सुमारास त्यांनी सर्वेक्षणातील पाच प्रश्नांवरून ग्राहकांच्या मनःस्थितीचा निर्देशांक तयार केला. स्वतःची आजची स्थिती वर्षापूर्वीच्या तुलनेत कशी आहे, वर्षानंतर ती कशी असेल, देशातील व्यवसायांना पुढचे वर्ष कसे जाईल, पुढची पाच वर्षे कशी जातील आणि घरातील मोठ्या वस्तू घेण्यास सध्याचा काळ चांगला की वाईट, असे ते पाच प्रश्न होत. हिशेब सोपा आहे. समजा, एका प्रश्नाला शंभरांपैकी ४० जणांनी आशादायक उत्तर दिले, २५ जणांनी निराशेचे आणि ३५ जणांना काही फरक वाटला नाही. ४० मधून २५ वजा केले की १५ उरतात. त्यात १०० मिळवले की त्या प्रश्नाचा आकडा ११५ येतो. आकडा शंभराच्या वर असेल तर आशावादी अधिक, खाली असेल तर निराश अधिक. पाचही प्रश्नांचे आकडे एकत्र करून, १९६६ ची पातळी १०० धरून, निर्देशांक काढला जातो.

विरोध मात्र ओसरला नव्हता. १९५५ मध्ये फेडरल रिझर्व्हने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने या मनोवृत्तीच्या प्रश्नांच्या उपयुक्ततेबद्दल शंका व्यक्त केली. १९५९ मध्ये जेम्स टोबिन या मान्यवर अर्थशास्त्रज्ञाने, ज्यांना पुढे १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, मिशिगनचीच माहिती तपासली. त्याच त्या कुटुंबांना वर्षभराने पुन्हा विचारलेले होते. आशावादी उत्तरे देणाऱ्या कुटुंबांनी इतरांहून अधिक खरेदी केली, असे त्यांना आढळले नाही. टीका मुद्देसूद होती आणि ती काटोनांच्या स्वतःच्या आकड्यांवर उभी होती. याच काळात फेडरल रिझर्व्हने सर्वेक्षणाला देत असलेला आर्थिक आधार काढून घेतला. ज्या केंद्राचा प्रत्येक पगार बाहेरच्या कामांतून निघत होता, त्याच्यासाठी हा आघात लहान नव्हता. नव्याने पैसा उभा करून सर्वेक्षणे चालू ठेवावी लागली.

काटोना यांनी दिलेले उत्तर समजून घेण्यासारखे आहे. एखादा माणूस स्वभावानेच आशावादी असतो, एखादा रडका. त्यांच्यापैकी कोण फ्रिज घेईल हे त्यांच्या बोलण्यावरून सांगता येणार नाही, हे त्यांना मान्य होते. पण रडका माणूस गेल्या वर्षीही रडकाच होता. एकाच महिन्यात अख्ख्या आळीचे बोलणे बदलले, तर मात्र काहीतरी घडलेले असते. बातम्या सर्वांच्या कानी एकाच वेळी पडतात आणि त्या सर्वांना एकाच दिशेने ढकलतात. व्यक्तीव्यक्तींचे चढउतार एकमेकांना छेद देतात आणि सामाईक बदल तेवढा शिल्लक राहतो. म्हणून दोन घरांची तुलना करून उपयोग नाही, देशाच्या दोन वेळांची तुलना केली पाहिजे. १९५८ च्या मंदीपूर्वी, १९५७ मध्येच, त्यांच्या सर्वेक्षणात ग्राहकांचा विश्वास ढळलेला दिसला होता, हे त्यांचे जमेचे उदाहरण होते. हा वाद पूर्णपणे मिटला असे म्हणता येणार नाही. मिळकत, बेकारी, व्याजदर हे सारे हिशेबात धरल्यावर मनःस्थितीचा आकडा भविष्याबद्दल किती अधिक सांगतो, यावर अर्थशास्त्रज्ञ अजूनही भांडतात.

त्यांच्या विचाराची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. ‘द पॉवरफुल कन्झ्युमर’ (१९६०) आणि ‘द मास कन्झम्प्शन सोसायटी’ (१९६४) या पुस्तकांत त्यांनी सामान्य ग्राहकाच्या हाती आलेल्या शक्तीचे वर्णन केले आहे. ही शक्ती सुबत्तेतून येते. जेथे मिळकतीचा बहुतेक भाग अन्नावरच खर्च होतो, तेथे इच्छेला वाव फार थोडा राहतो.

तरीही त्यांची पद्धत देशोदेशी पसरली. युरोपीय समुदायाने १९७२ पासून सदस्य देशांत एकाच धर्तीची ग्राहक सर्वेक्षणे सुरू केली. १९७८ पासून मिशिगनचे सर्वेक्षण दरमहा होऊ लागले. १९८९ मध्ये अमेरिकी सरकारने अर्थव्यवस्थेची पुढील चाल सुचवणाऱ्या आपल्या अधिकृत निर्देशकांत ग्राहकांच्या अपेक्षांचा समावेश केला. आपल्याकडे मुंबईस्थित रिझर्व्ह बँक २०१० पासून ग्राहकांच्या विश्वासाचे सर्वेक्षण करीत आली आहे. देशाची आर्थिक स्थिती, रोजगार, किमती, स्वतःची मिळकत आणि खर्च यांविषयी कुटुंबांना वर्षापूर्वीची तुलना आणि वर्षानंतरची अपेक्षा विचारली जाते. शंभर ही तेथेही आशा आणि निराशा यांमधील सीमारेषा असते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, सद्यःस्थितीचा हा निर्देशांक ४८.५ इतका खाली गेला होता. एखाद्या दिवशी तुमच्याही दारात अशी प्रश्नावली घेऊन कोणी येऊ शकेल.

१९७५ मध्ये काटोनांनी ‘सायकॉलॉजिकल इकॉनॉमिक्स’ हा ग्रंथ लिहून आपल्या साऱ्या कामाची नव्याने मांडणी केली. निवृत्तीनंतरही त्यांचे लेखन आणि सर्वेक्षणांतील लक्ष चालूच होते. १९८१ मध्ये पश्चिम बर्लिनमधील फ्री युनिव्हर्सिटीने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट देऊ केली. ज्या शहरातून सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी त्यांना निघून जावे लागले होते, त्याच शहरात ही पदवी स्वीकारण्यासाठी ते गेले. तेथेच १८ जून १९८१ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.